तेलाच्या दोन नळ्या आणि इतर मिळकत

मी, श्रीमती नीला अविनाश टिपणीस, वय वर्षे त्र्याहत्तर, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून खरेदी विभागाची सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त, राहणार मयूर विहार फेज वन, दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डायनिंग टेबलावर बसून लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला शेजारच्या डॉ. मयुरा सबनीस यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. त्र्याहत्तर वर्षांत ते कोणाला जमले नाही, आणि आता प्रयत्न करण्याइतकी माझ्या आसपासच्या माणसांत धमक नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात लिहिले होते आणि दुसरे माझ्या भाच्याने टाइप करून आणले होते.

कलम १. माझा राहता फ्लॅट, तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, मी माझ्या भाच्याची मुलगी कु. तनया केतन चित्रे हिला देते. भाचा चि. केतन याला देत नाही. मागच्या दिवाळीत फराळाला आला असताना त्याने माझ्या भिंतींची मापे घेतली. मोबाइलने घेतली, म्हणजे म्हातारीला कळणार नाही असा त्याचा समज. तनया नोएडात एका न्यूज चॅनेलमध्ये नोकरी करते आणि "आत्याआजी, बिल्कुल टेन्शन नका घेऊ यार" अशा भाषेत बोलते. परंतु घरात आल्यावर ती आधी मी जेवले का ते विचारते. फ्लॅटचा भाव काय चालला आहे हे तिने कधी विचारलेले नाही.

कलम २. बँकेतील ठेवी, पोस्टातली बचत आणि माझ्या आईच्या पाटल्या तनयाला. पैठणी द्यायची नाही, ती मला नेसवायची आहे. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. आमच्या यमुनापार मराठी मित्रमंडळाने ती घेतलीच, तर अध्यक्ष श्री. सूर्यकांत देवस्थळी यांना त्यात बोलू देऊ नये. या गृहस्थांना कोणी मेले की कंठ फुटतो.

कलम ३. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "खटारा हटवण्याबाबत" मला गेल्या अकरा वर्षांत दिलेल्या एकूण तेवीस नोटिसा मी तारीखवार फाइल करून ठेवल्या आहेत. ती फाइल त्यांना परत द्यावी. प्रत्येक नोटिशीतील चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. सेक्रेटरींना आयुष्यात फुकट मिळालेले तेवढेच शिक्षण.

कलम ४. आता गाडी.

ही गाडी माझे वडील कै. बळवंत चित्रे यांनी १९७१ साली घेतली. नंबर लावून सहा वर्षे वाट पाहिल्यावर त्यांना ती मिळाली. रंग फिका निळा. माझ्या भावाला त्यांनी चालवायला शिकवली तेव्हा त्याने ती लोदी कॉलनीच्या फाटकावर घातली. मला शिकवली तेव्हा मी ती इंडिया गेटला दोन फेऱ्या मारून परत आणली. म्हणून गाडी मला मिळाली आणि भावाला त्याचा राग मरेपर्यंत राहिला. माझे पती कै. अविनाश यांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. ते शेजारी बसून संत्री सोलत.

दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांनंतर रस्ता बंद झाला तेव्हा ती बंदच पडलेली होती, त्यामुळे मला सरकारचा राग आला नाही. पुढे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंद मिळू लागली. मी अर्ज केला. कार्यालयात मी ज्या पद्धतीने इतरांचे अर्ज परत पाठवीत असे, त्याच पद्धतीने माझा अर्ज चार वेळा परत आला. पाचव्यांदा मंजूर झाला. आता ती प्रदर्शनाला वगैरे नेण्यापुरती रस्त्यावर आणता येते.

इंजिन दुरुस्त करून घेतले. राहिल्या होत्या दोन नळ्या. इंजिनातले तेल एका नळीने फिल्टरकडे जाते आणि दुसरीने गाळून परत येते. वीतभर लांब, बोटाएवढ्या जाड. बाकी सगळी गाडी उभी आहे आणि या दोन नळ्या मिळत नाहीत, अशी दोन वर्षे गेली.

गुडगावमध्ये एक तज्ज्ञ आहेत. दाढी कोरलेली, गॅरेजमध्ये काचेचे टेबल. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मॅम, धिस इज हेरिटेज. लाइन्स तो बाहर से ही आएँगी." दोन नळ्यांचे चाळीस हजार रुपये. माझ्या वडिलांनी अख्खी गाडी त्याच्या निम्म्या पैशांत घेतली होती. मी विचारले, नळीत तेलच जाणार ना, की अत्तर? त्यांना विनोद कळला नाही. माणसाला दाढी कोरायला वेळ मिळतो तेव्हा बाकी कशाला मिळत नाही.

काश्मिरी गेटच्या बाजारात मी अकरा दुकाने पालथी घातली. तिथे "नहीं है" असे कोणी म्हणत नाही. "मिल जाएगा, आंटी जी, परसों आओ," असे म्हणतात. मी परवा गेले, तेरवा गेले. एकाने ट्रॅक्टरची नळी काढून दाखवली आणि "सेम टू सेम" म्हणाला. मी टेप काढून मोजली तेव्हा तो माझ्याकडे असे पाहू लागला की जणू मी त्याच्या आईवरून काही बोलले.

कलम ५. केतनने त्याच सुमारास परदेशातल्या कुठल्याशा वेबसाइटवरून दोन नळ्या मागवल्या. "आत्या, सरप्राइज!" त्यांचे आटे उलट्या मापाचे निघाले. गाडीचे मॉडेल आधी विचारावे हे त्याच्या मनात आले नाही, कारण विचारले असते तर सरप्राइज राहिले नसते. त्या नळ्या मूळ खोक्यासह मी केतनला देते. मृत्युपत्रात त्याचे नाव असावे अशी त्याची फार इच्छा होती, ती पूर्ण झाली.

कलम ६. नळ्या शेवटी कुठे झाल्या ते तनयाने नीट वाचावे, पुन्हा लागतील. नोएडात फेज टूच्या बाजूला जेसीबीसारख्या यंत्रांच्या हायड्रॉलिक नळ्या बनवणारे एक दुकान आहे. बाहेर पाटी नाही, टायर टांगलेला आहे. त्या माणसाने माझी फुटलेली नळी दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "बीस मिनट का काम है, माता जी. गरम तेल वाली लगा दूँगा, गाड़ी मर जाएगी, पाइप नहीं मरेगा. पर सिरे लाओ." सिरे म्हणजे नळीच्या टोकांचे आटे असलेले मूळ लोखंडी जोड. ते असतील तर साडेनऊशे रुपयांत दोन्ही नळ्या. नसतील तर तो काही करू शकत नव्हता.

चाळीस हजारांचे काम साडेनऊशेत होणार होते आणि ते चार जोड माझ्याकडे नव्हते. ते कोणाकडे असतील हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी तीन आठवडे दुसरीकडे शोधत राहिले.

कलम ७. यात मी काही देत नाही, सांगते आहे. मृत्युपत्रात अशी कलमे नसतात हे मला माहीत आहे.

पटपडगंज रोडवर किशनलाल मिस्त्रीचे गॅरेज होते. आमच्या मंडळाच्या आणि सोसायटीच्या मिळून चौदा गाड्या त्याच्याकडे जात, कारण माझी जात असे. मी निवृत्त झाले त्या वर्षी त्याने बॉनेट उघडून दाखवले. "मैडम, ये दोनों पाइप रो रहे हैं. बदलवा लो. पर सस्ते में मत पड़ना."

मला, जिने एकतीस वर्षे सरकारची खरेदी केली, तिला हा माणूस खरेदी शिकवीत होता.

मी तीन दुकानांची कोटेशने घेतली. घरी बसून तुलनात्मक तक्ता केला, पट्टीने रेघा मारून. सर्वांत कमी दर तो एल-वन, आणि एल-वनलाच ऑर्डर, हे माझ्या रक्तात होते. कागद पूर्ण होते म्हणून खरेदी बरोबर, असे आम्ही समजत असू. एल-वनची नळी साध्या रबराची होती आणि ती पाण्यासाठी असते. तक्त्यात दर, मुदत, वाहतूक असे सगळे रकाने होते. नळी कशासाठी आहे, हा रकाना मी आखलाच नव्हता.

किशनलालने ती हातात घेतली. "मैडम, ये पानी का पाइप है. तेल इसे खा जाएगा."

मी म्हणाले, "लगाओ. जितना कहा है उतना करो."

"तो लिख के दे दो."

मी लिहून दिले. कार्यालयात मी असे शेकडो शेरे लिहिले होते, हात अडखळला नाही: "या नळ्या मी स्वतः निवडून आणल्या आहेत. मिस्त्रीने हरकत घेतली आहे. माझ्या जबाबदारीवर बसवाव्यात. नीला टिपणीस." तारीख घातली. त्याने मूळ नळ्यांचे जोड कापून काढले, नवीन रबर चढवून क्लिपा आवळल्या, आणि मजुरी घेतली नाही. मी ती नम्रता समजले. ती नाराजी होती.

कलम ८. दर चौदा जानेवारीला आमचे मंडळ पानिपतला काला आंबच्या स्मारकावर जाते. २०१४ साली पाच गाड्या होत्या आणि सर्वांत पुढे माझी, कारण सर्वांत जुनी. धुके होते. समालखा ओलांडल्यावर तेलाचा लाल दिवा लागला.

अविनाश म्हणाले, "नीला, दिवा लागलाय."

"दिसतंय मला."

"थांबूया?"

मागच्या गाडीत देवस्थळी होते. बायकांनी गाडी चालवण्याबद्दल त्यांची काही मते आहेत आणि ती ते प्रत्येक सहलीत सांगतात. त्यांच्यासमोर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहायचे, हे मला मान्य नव्हते. मी थांबले नाही. चार किलोमीटर गेले आणि इंजिन जाम झाले. रबर फुगून फाटले होते, सगळे तेल हायवेवर सांडले होते.

देवस्थळींच्या गाडीत दाटीवाटीने बसून आम्ही स्मारकावर पोचलो. साठ-पासष्ट माणसे जमली होती. देवस्थळी हातात माइक घेऊन म्हणाले, "नीलाताईंच्या गाडीचं तर वाटेतच पानिपत झालं!" सगळे हसले. हा विनोद त्यांनी पुढे सलग नऊ वर्षे केला. मी त्यांच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "आमच्या मिस्त्रीने पाण्याच्या नळ्या बसवल्या. माणूस चोर निघाला."

चोर. हाच शब्द. स्पष्ट, मोठ्याने, माइकवर.

अविनाश बाजूला उभे होते. त्यांनी नळ्यांची पावती पाहिली होती, तक्ता पाहिला होता, दिवाही पाहिला होता. २०१९ साली ते गेले, तोवर त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही. एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवे होते.

महिनाभरात चौदाही गाड्या किशनलालकडे जायच्या बंद झाल्या. दोन वर्षांनी त्याने गॅरेज सोडले. मला ते कळले होते. मी भाजी आणायला दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले.

गेल्या नोव्हेंबरात मी त्याला शोधले. चिल्ला गावात पुतण्याच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर स्टूलावर बसलेला होता. गुडघे गेले आहेत. मी म्हणाले, "किशनलाल, वो पुराने पाइप के सिरे चाहिए थे." दुसरे काही मला सुचले नाही. बारा वर्षांनी भेटून मी आधी सामान मागितले, अशी मी आहे.

तो आत गेला आणि तुपाचा एक जुना डबा घेऊन आला. चारही जोड त्यात होते, तेल लावून कागदात गुंडाळलेले. तो कागद माझा होता. माझे अक्षर, माझी सही, तारीख.

"ये तुम्हारे पास था? तो दिखाया क्यों नहीं किसी को?"

तो म्हणाला, "दिखाता तो लोग कहते मैडम को पाइप खरीदना नहीं आता. आपकी तो नौकरी ही यही थी."

एवढे बोलून त्याने डबा माझ्या हातात दिला आणि वर विचारले, "गाड़ी का कलर वही है ना?"

मी आयुष्यभर माणसांना कमी लेखत आले. केतनला, देवस्थळींना, दुकानदारांना, सेक्रेटरींना. त्यात मला काही चुकीचे वाटत नाही, ते त्याच लायकीचे आहेत. पण या यादीत सर्वांत वर जे नाव हवे होते ते मी कधी घातले नाही. आज घालते. नीला अविनाश टिपणीस, नीच बाई.

नळ्या बसल्या. किशनलालने स्वतः बसवल्या, जमिनीवर बसता येत नाही म्हणून पुतण्याच्या स्टूलावर बसून. एक थेंब गळत नाही. मी गाडी त्यालाच लिहून देणार होते. तो म्हणाला, "खड़ी कहाँ करूँगा, मैडम?" आमच्या वकिलांनी सांगितले होते की ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. हे त्याला समजावल्यावर म्हणाला, "तो फिर मैं गवाह ही बन जाता हूँ." त्यामुळे गाडी आणि पान्यांचा संच तनयाला. किशनलालला मी काही देऊ शकत नाही, फक्त पुढचे कलम.

कलम ९. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या चौदा जानेवारीला तनयाने ही गाडी पानिपतला न्यावी. मंडळाच्या कार्यक्रमात ती प्रदर्शनाला ठेवण्याची परवानगी यंदापासून दरवर्षी घेतली जाईल अशी व्यवस्था मी केली आहे. तिथे, सर्व मंडळींसमोर, माइकवरून, तिने कलम ७ आणि ८ वाचून दाखवावीत आणि माझ्या हातचा तो कागद देवस्थळींच्या हाती द्यावा. अवघड शब्द मी टाळले आहेत. तिने "यार" म्हणू नये. हे केल्याखेरीज फ्लॅट तिच्या नावावर होणार नाही. हे मी जिवंतपणी करू शकत नाही, कारण मंडळात लोक मला अजून उठून नमस्कार करतात आणि मला ते आवडते.

कलम १०. मृत्युपत्राची अंमलबजावणी तनया करील. तिला कोणी सल्ला देऊ लागले तर तिने तो लेखी मागावा. बहुतेक लोक तिथेच थांबतात.

येणेप्रमाणे दहा कलमे मी वाचून पाहिली, ती माझ्या मनासारखी आहेत, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही केली.

सही: नीला अविनाश टिपणीस

साक्षीदार १: डॉ. मयुरा सबनीस, मयूर विहार
साक्षीदार २: किशनलाल (हिंदीत सही), चिल्ला गाव

स्थळ: मयूर विहार, दिल्ली
दिनांक: ११ जानेवारी २०२६

दुरुस्ती, त्याच दिवशी, त्याच टेबलावर:

सही केल्यावर किशनलालने विचारले की यात काय लिहिले आहे. साक्षीदाराला मजकूर सांगावा लागत नाही, सही पाहिली की पुरे. तरी मी कलम ७, ८ आणि ९ त्याला हिंदीत सांगितली. डॉक्टर मयुरा खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्याने चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि म्हणाला, "मैडम, मैं पिछत्तर का हूँ. आप के मरने तक मैं बैठा रहूँगा क्या?"

एकतीस वर्षांत मी ज्या ज्या फाइलवर "यथावकाश" असा शेरा मारला, त्या सगळ्या मला आठवल्या.

कलम ९ रद्द. ते काम मी स्वतः करणार आहे. परवाच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, टाकी भरायची. बुधवारी, चौदा तारखेला, सकाळी सहा वाजता गाडी निघेल. किशनलाल पुढच्या सीटवर बसेल, तनया मागे. कागद माझ्या पर्समध्ये असेल. माइक देवस्थळींकडून मागून घेईन, हिसकावणार नाही.

तेलाचा दिवा लागला, तर या वेळी मी थांबेन.

दुरुस्ती मान्य: नी. अ. टिपणीस
समक्ष: मयुरा सबनीस, किशनलाल